तीन पैशांची किंमत

हेदवी हे गुहागर तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. दशभुजा लक्ष्मी-गणेशाचे देऊळ आणि बामणघळ या दोन गोष्टींमुळे बाहेरच्या लोकांना ते ठाऊक असते. काळ्या खडकातल्या अरुंद चिरेत भरतीचे पाणी घुसते आणि एकदम माडाएवढे उसळते, ती बामणघळ. ती पाहण्यासाठी म्हणून आम्ही तिथे गेलो होतो आणि भरतीची वेळ होईपर्यंत एका ओळखीच्या घरी ओटीवर बसलो होतो. तेवढ्यात घरच्या आजींनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणून आमच्यापुढे ठेवला.

"तुम्ही एवढे शिकलेले, बघून सांगा बरं. नातू म्हणतो, ह्यात पाच लाख आहेत."

डब्यात नाणी होती, चारशेच्या आसपास. एक पैसा, दोन पैसे, तीन पैसे, पाच, दहा, वीस. भोकाचे पैसे, काही काळवंडलेले आणे. आजींचे यजमान मुंबईला गिरणीत होते. वर्षातून दोनदा गावी येताना ते खिशातली सुटी नाणी या डब्यात टाकत, ती तशीच राहिली. बारावीत शिकणाऱ्या नातवाने मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली होती. 'तुमच्याकडे हे नाणे असेल तर तुम्ही लखपती आहात' असे सांगणारी. दिलेल्या क्रमांकावर त्याने डब्यातल्या नाण्यांचे फोटो पाठवले, पलीकडून पाच लाखांचा भाव आला, आणि मग 'नोंदणी'साठी ९९९ रुपये मागण्यात आले. ते त्याने भरले होते. आता 'कर' म्हणून साडेबारा हजार हवे होते आणि ते उसने मिळवण्याच्या खटपटीत तो होता. ९९९ रुपयांचे आजींना माहीत नव्हते. ते आम्हाला त्याने पुढे, बामणघळीकडे जाताना सांगितले.

ही फसवणूक इतकी पसरलेली आहे की ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेला त्याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला होता. बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरून लोक जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात शुल्क, दलाली, कर मागतात. बँक असल्या व्यवहारात नसते आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असे त्यात म्हटले होते. आम्ही तो इशारा त्या मुलाला दाखवला. साडेबारा हजार वाचले. पण त्याचा पुढचा प्रश्न रास्त होता. "पाच लाख नाहीत, तर मग किती? आणि ते ठरतं कसं?"

या प्रश्नाचे उत्तर देताना आमची भरती हुकली. पण त्या डब्यात स्वतंत्र भारताच्या धातूंचा इतिहास भरलेला होता आणि तो शाळेच्या तराजूवर मोजता येण्याजोगा होता, म्हणून हा लेख.

डब्यातली सगळ्यांत जुनी नाणी भोकाच्या पैशाची. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पया, हा हिशेब आजच्या विद्यार्थ्याला पाठ नसतो, पण 'पै-पैचा हिशेब', 'सोळा आणे खरे' असे तो सहज बोलतो. त्या काळचा तांब्याचा पैसा जवळजवळ पाच ग्रॅमचा होता. दुसऱ्या महायुद्धात तांबे दारूगोळ्याकडे वळले, तेव्हा १९४३ साली सरकारने पैशाच्या मधोमध भोक पाडले, जाडी कमी केली आणि दोन ग्रॅमच्या आत तोच पैसा बसवला. त्याच वर्षी अमेरिकेने आपला एक सेंट पोलादाचा करून वर जस्ताचा मुलामा दिला होता. कारण तेच. भोकाचा पैसा १९४७ पर्यंत निघाला. मुलांच्या करदोट्यात तो ओवायची पद्धत होती. आजींच्या डब्यातल्या एका पैशात काळ्या दोऱ्याचा तुकडा अजून अडकलेला होता.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली. रुपयाचे शंभर भाग झाले आणि जुन्या पैशाशी गल्लत नको म्हणून नव्याला 'नया पैसा' म्हटले. १ जून १९६४ पासून 'नया' हा शब्द गेला. सुरुवातीच्या नाण्यांवर हिंदीत 'रुपये का सौवाँ भाग', 'रुपये का दसवाँ भाग' असे कोरलेले आहे. अपूर्णांक शिकवण्यासाठी याहून चांगले साधन आम्हाला ठाऊक नाही. जुने आणे आणि नवे पैसे काही काळ बरोबरच चालले आणि तिथे एक गंमत झाली. एक आणा म्हणजे ६.२५ नवे पैसे. देवघेवीत तो ६ धरला जाई. दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे मात्र बरोबर २५. म्हणजे एकेक आणा सोळा वेळा मोडणाऱ्याच्या हाती ९६ पैसे येणार आणि चार-चार आणे मोडणाऱ्याच्या हाती पूर्ण रुपया. सातवीच्या वर्गात हे गणित घालून पाहावे. कोणाचे चार पैसे कोणाकडे गेले, यावर चांगला वाद होतो.

तीन पैशांचे नाणे मग कशासाठी, असा प्रश्न नातवाने विचारला. अर्धा आणा म्हणजे ३.१२५ पैसे. ज्या पिढीचे सगळे व्यवहार आण्यात झाले तिला तीन पैसे हाताला बरे वाटले असणार. हे षटकोनी नाणे १९६४ साली आले आणि १९७१ नंतरच्या सालाचे ते आढळत नाही. चित्रफितीत लाखाचे म्हणून दाखवलेले नाणे हेच होते. डब्यात ती एकवीस होती.

आता तराजू. गावातल्या शाळेच्या प्रयोगशाळेतला तराजू दुसऱ्या दिवशी आम्हाला वापरायला मिळाला आणि दहावीची चार मुलेही मदतीला मिळाली. १९५७ चा नवा पैसा कांस्याचा, म्हणजे तांबे आणि कथिल यांच्या मिश्रधातूचा. वजन दीड ग्रॅम. १९६२-६३ मध्ये तो पिवळट निकेल-पितळेचा झाला आणि १९६५ सालापासून चौकोनी ॲल्युमिनियमचा, पाऊण ग्रॅमचा. पाच पैसे आधी तांबे-निकेलचे, चार ग्रॅमचे. नंतर ॲल्युमिनियमचे दीड ग्रॅमचे. दहा पैसे पाच ग्रॅमवरून, मध्ये निकेल-पितळ होऊन, १९७१ पासून ॲल्युमिनियमच्या २.३ ग्रॅमवर उतरले. दर्शनी किंमत तीच, आकार साधारण तोच, वजन मात्र निम्म्याहून कमी.

असे का झाले हे कळण्यासाठी एक सोपा भागाकार पुरतो. दीड ग्रॅमचे कांस्याचे पैसे एका किलोत ६६७ बसतात. त्यांची दर्शनी किंमत ६ रुपये ६७ पैसे. म्हणजे कांस्याचा भाव किलोला ६ रुपये ६७ पैशांच्या वर गेला की नाणे खर्च करण्यापेक्षा वितळवणे फायद्याचे. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला आणि बाहेरून येणारा प्रत्येक धातू त्याच उडीने महागला. तांबे आपल्याकडे पुरेसे नव्हते आणि निकेल तर सगळेच बाहेरचे. ॲल्युमिनियम मात्र देशात होत होते, कारण बॉक्साइट आपल्याकडे भरपूर. हेदवीला ज्या जांभ्या दगडाची घरे आहेत त्याच जांभ्याचा बॉक्साइट हा सख्खा भाऊ. मुसळधार पाऊस आणि उष्णता यांनी खडकातली सिलिका धुऊन जाते. मागे लोह जास्त राहिले तर जांभा, ॲल्युमिनियम जास्त राहिले तर बॉक्साइट. कोकणात दोन्ही सापडतात.

पण हाच भागाकार ॲल्युमिनियमलाही लागू होतो. एक पैशाचे किलोभर नाणे म्हणजे १३ रुपये ३३ पैसे, दोन पैशांचे २० रुपये, तीन पैशांचे २४ रुपये, पाच पैशांचे ३३ रुपये ३३ पैसे. ॲल्युमिनियमचा भाव या पायऱ्या एकेक करून चढत गेला, आणि साधारण त्याच क्रमाने ती नाणी बाजारातून गेली. नाणी वितळवणे आणि त्यासाठी साठवणे इतके वाढले होते की १९७१ साली संसदेला लहान नाण्यांसंबंधी गुन्ह्यांचा स्वतंत्र कायदाच करावा लागला. (आता हे सगळे २०११ च्या नाणे कायद्यात सामावले आहे. नाणी वितळवणे अजूनही गुन्हाच आहे, हे वर्गात हा हिशेब मांडताना सांगून ठेवावे.) शेवटी १९८८ पासून दहा आणि पंचवीस पैसे स्टेनलेस स्टीलचे झाले. पंचवीस पैशांवरचा तो गेंडा आमच्या पिढीला चांगला आठवतो. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून बाद झाली. पन्नास पैसे कायद्याने अजून चालतात, दुकानदार घेत नाहीत ही गोष्ट वेगळी.

आज ॲल्युमिनियमचा भाव किलोला दोनशे रुपये धरला, तर तीन पैशांच्या नाण्यात २५ पैशांचा धातू आहे. तीन पैशांत चार आणे! नातवाला ही एवढीच श्रीमंती प्रथम हाती लागली.

मग संग्राहक जो भाव देतो तो कशाचा? पहिला समज असतो की नाणे जितके जुने तितके महाग. तसे नाही. शिवराई हे तांब्याचे नाणे शिवाजीमहाराजांच्या काळापासून सुरू झाले आणि त्याच नावाने, वेगवेगळ्या टांकसाळींतून, कंपनी सरकारच्या काळापर्यंत पाडले जात राहिले. इतकी पाडली गेली आणि इतकी उरली, की उत्तरकाळातली झिजलेली दुदांडी शिवराई दोनशे वर्षे जुनी असूनही फार भाव खात नाही. दुसरा समज असा की कमी पाडले ते महाग. हेही पूर्ण खरे नाही, कारण पाडणे वेगळे आणि उरणे वेगळे. १९११ सालचा पंचम जॉर्जचा रुपया मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींत सुमारे ९४ लाख पाडला गेला. राजाच्या गळ्यातल्या साखळीवरचा हत्ती त्यावर इतका ओबडधोबड उमटला होता की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली तेव्हा सुमारे ७ लाख रुपये बाहेर पडलेले होते. उरलेले टांकसाळीत वितळवले आणि १९१२ पासून हत्तीला नीट सोंड दिली. संग्राहक आज जो भाव देतो तो त्या ७ लाखांतून उरलेल्यांचा, ९४ लाखांचा नव्हे.

तीन पैशांच्या नाण्याचे उलटे आहे. ते कोटींनी पाडले गेले, पुष्कळ वितळले असेल, तरी घरोघरी डब्यांतून एवढे उरले आहे की प्रदर्शनात झिजलेले नाणे साधारण एका चहाच्या भावात मिळते. न वापरलेले, टांकसाळीची चकाकी अजून अंगावर असलेले त्याच सालाचे नाणे मात्र कितीतरी पट जास्त. कारण हलक्या नाण्याला कोणी जपत नाही. रुपया लोक जपून ठेवतात. पैसा खिशात घासतो, रस्त्यावर पडतो, मुलांच्या हाती जातो. म्हणून खरी दुर्मिळ वस्तू तीन पैसे नव्हेत, न झिजलेले तीन पैसे.

परदेशातले एक उदाहरण जवळचे वाटेल. सोव्हिएत संघातून बाहेर पडलेल्या लिथुआनियाने १९९३ साली 'लितास' हे स्वतःचे चलन आणले. त्याची १, २ आणि ५ सेंटांची नाणीही ॲल्युमिनियमचीच, आणि त्यांवर साल १९९१, कारण चलन सुरू होण्याआधीच ती पाडून ठेवली होती. १ जानेवारी २०१५ रोजी तिथे युरो आला. तिथली मध्यवर्ती बँक मात्र ३.४५२८ लितासना एक युरो या दराने जुनी नाणी मुदतीशिवाय बदलून देते. म्हणजे तिथल्या सेंटाची किंमत दर्शनी किमतीच्या खाली जाऊ शकत नाही, तिला तळ आहे. आपल्या पाच पैशांचा तो तळ २०११ मध्ये काढून घेतला गेला. बाद झालेल्या नाण्याला दोनच किमती उरल्या, एक धातूची आणि दुसरी ते हवे असणाऱ्या माणसाची.

त्या दिवशी दुपारी एक गोष्ट घडता घडता राहिली. भाव चांगला यावा म्हणून नातवाच्या आईने तांब्याची नाणी आगळात भिजत घालायला काढली होती. आम्ही जवळजवळ ओरडलोच. कारण लहानपणी हे पाप आम्ही स्वतः केले आहे. आजोळच्या भोकाच्या पैशांना आमसूल आणि राख लावून आम्ही ते लखलखीत केले होते आणि शाबासकीही मिळवली होती. कोकमातल्या आम्लात नाण्यावरचा तपकिरी थर, म्हणजे तांब्याचे ऑक्साइड, विरघळतो. राखेने अक्षरांच्या कडा घासल्या जातात. तो तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे, ती नाण्याची शांत झालेली त्वचा आहे. ती गेली की उघडे तांबे कोकणच्या खाऱ्या हवेत पुन्हा डागाळते, या वेळी ठिपक्याठिपक्यांनी. संग्राहकाच्या नजरेत असे नाणे एका क्षणात उतरते. साधे पाणी, मऊ फडके आणि कोरडी कागदी पाकिटे याहून जास्त काही करू नये. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांतही नाणी ठेवू नयेत. त्यातून सुटणाऱ्या द्रव्यांनी तांब्यावर हिरवा चिकटा धरतो.

ॲल्युमिनियमच्या नाण्यांची अवस्था वेगळ्या कारणाने वाईट होती. ॲल्युमिनियमवर हवेत आपोआप ऑक्साइडचा अतिशय पातळ थर येतो आणि तोच त्याला वाचवतो. समुद्रकाठच्या हवेतल्या मिठाचे क्लोराइड हा थर जागोजागी फोडते, तिथे खड्डे पडतात आणि पांढरी भुकटी साठते. शिवाय डब्यात ती कांस्याच्या पैशांना चिकटून पडली होती. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल, म्हणजे छोटासा विद्युतघटच. त्यात झिजतो तो ॲल्युमिनियम. मुलांनी भिंगातून पाहिले तेव्हा काही दोन-पैशांवर शेजारच्या नव्या पैशाची गोल कडा खड्ड्यांच्या ओळीने उमटलेली दिसली. नववी-दहावीच्या पुस्तकातले गंजणे यापेक्षा चांगले कुठे दिसणार?

लोहचुंबकानेही मुलांची करमणूक झाली. १९५७ चे शुद्ध निकेलचे पंचवीस पैसे चिकटतात, तांबे-निकेलचे दहा पैसे चिकटत नाहीत, गेंड्याचे स्टीलचे पुन्हा चिकटतात. १९६८ ते १९७१ या काळातल्या पिवळ्या, कमळाच्या वीस पैशांत सोने असल्याची आवई आमच्या वडीलधाऱ्यांनी ऐकलेली होती. आजींनीही ऐकली होती. त्यात तांबे, जस्त आणि नावाला निकेल असते, सोने नसते.

मग सालाखालच्या खुणा पाहिल्या. चौकट म्हणजे मुंबईची टांकसाळ, तारा म्हणजे हैदराबाद, काहीच नसेल तर कलकत्ता, आणि १९८८ नंतरच्या नाण्यांवर ठिपका असेल तर नोएडा. हैदराबादच्या काही नाण्यांवर मध्ये फट किंवा ठिपका असलेला चौकटही असतो, म्हणून भिंग हवेच. आजींच्या डब्यात चौकटच फार होते. मुंबईहून आलेल्या चाकरमान्याच्या खिशात दुसरे काय असणार? नागपूर-चांद्याकडच्या एखाद्या घरातला डबा उघडला तर तारे जास्त निघतील का, हे तिकडच्या शिक्षकांनी मुलांकडून मोजून घ्यावे असे आम्हाला फार वाटते. नाणी कुठून कुठे गेली, म्हणजेच माणसे कुठून कुठे गेली, हे त्यातून दिसेल. अशा संग्रहाला बाजारात जो काही थोडा भाव आहे तो सुट्या नाण्यांचा आहे. डबा जसा भरला गेला तसा मोजला तर त्याची माहिती पुन्हा मिळण्यासारखी नसते, आणि नाणी एकदा विकून विखुरली की ती जातेच.

संध्याकाळपर्यंत मुलांनी वहीत तक्ता केला. साल, टांकसाळ, धातू, वजन, झीज. एकूण किंमत नातवाने प्रदर्शनातल्या साधारण भावाने लावली. नोंदणीचे गेलेले ९९९ रुपये त्यातून जेमतेम भरून निघत होते, पण डबा विकायचा नाही असे आजींनी मध्येच सांगितल्यामुळे तो हिशेब तिथेच राहिला. दोरा अडकलेला पैसा त्यांनी वजन करायलासुद्धा दिला नाही. तीन पैशांच्या एकवीस नाण्यांचे वजन टांकसाळीच्या हिशेबाने २६.२५ ग्रॅम भरायला हवे होते. ते २५.४ भरले. उरलेला ०.८५ ग्रॅम गिरणगावातल्या खिशांत किती गेला आणि हेदवीच्या खाऱ्या हवेत किती, हे वेगळे करण्यासाठी मुले आता खड्डे पडलेली आणि न पडलेली नाणी निरनिराळी तोलणार आहेत.